नट पुन्हा पुन्हा ढिला का होतो? बसलेला लॉक वॉशर वाचायचा कसा

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचे पाणी वडोदऱ्याच्या वस्त्यांमध्ये शिरले, तेव्हा आमच्या सोसायटीची पंपाची खोलीही कंबरभर पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर मोटर वाइंडिंग करून आणली, पंपाचे बेअरिंग बदलले, सगळ्यावर हिरव्या रंगाचे दोन जाड हात मारले, आणि दसऱ्याच्या सुमारास पंप पुन्हा सुरू झाला. त्यानंतर मात्र दर पंधरा दिवसांनी तीच तक्रार येऊ लागली, की मोटर थरथरते, खालचे नट हाताने फिरावेत इतके ढिले झालेले असतात, आणि फिटर येऊन ते आवळून जातो. चौथ्या वेळी सेक्रेटरींनी मला बोलावले. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत मी तीस वर्षे मेंटेनन्सचे काम केले आहे हे त्यांना ठाऊक होते. त्यांचा प्रश्न सरळ होता: "काका, नटाखाली स्प्रिंगचा वॉशर आहे, दर वेळी नट घट्ट आवळला जातो, मग तो ढिला होतोच कसा?"

हा प्रश्न बहुतेकांना कधी ना कधी पडतो. पिठाच्या गिरणीपासून लिफ्टच्या मोटरपर्यंत सगळीकडे नटाखाली काही ना काही 'लॉक' करणारी चकती असते, आणि ती असूनही नट सुटतात. याचे उत्तर समजून घ्यायचे तर सुरुवात वॉशरपासून न करता बोल्टपासून करावी लागते.

बोल्ट आवळणे म्हणजे बोल्ट ताणणे

नट आवळताना आपण दोन भाग एकमेकांवर दाबतो आहोत असे वाटते. ते खरेच आहे, पण तो दाब येतो बोल्टच्या ताणातून. नट फिरतो तसा बोल्ट अगदी किंचित लांबतो, आणि मूळ लांबीवर परत येण्याच्या त्याच्या ओढीमुळे दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. या ओढीला या लेखात 'ताण' एवढेच म्हणू.

तबला पाहिलेल्या माणसाला हे चटकन कळेल. तबल्याच्या वादीखाली लाकडी गठ्ठे असतात. वादी ताणलेली असते तोवर गठ्ठा जागचा हलत नाही, कारण वादीच त्याला दाबून धरते. वादी सैल पडली की तोच गठ्ठा बोटाने सरकवता येतो, आणि गठ्ठ्याला कितीही खडबडीत केले तरी फरक पडत नाही. इथे बोल्ट म्हणजे वादी आणि नट म्हणजे गठ्ठा. नटाला जागेवर धरून ठेवणारी मुख्य गोष्ट बोल्टचा ताण ही आहे, वॉशर नव्हे.

आता आकडे पाहू. डोक्यावर ८.८ असा शिक्का असलेला १२ मिलिमीटरचा बोल्ट नीट आवळला, तर त्यात साडेतीन ते चार टनांच्या आसपास ताण येतो, म्हणजे जवळपास चार लहान मोटारींचे वजन. एवढा ताण येऊनही, पकडीत असलेली लांबी ५० मिलिमीटर धरली तर बोल्ट लांबतो फक्त एक दशांश मिलिमीटर. केसाच्या जाडीहून थोडेसेच जास्त! याचा अर्थ असा की नटाखालचा कुठलाही थर केवळ दोन शतांश मिलिमीटरने दबला, तरी ताणाचा जवळपास पाचवा हिस्सा नाहीसा होतो, आणि त्यासाठी नट अंशभरही फिरावा लागत नाही. रंगाच्या एका थराची जाडी पाच ते दहा शतांश मिलिमीटर असते. आमच्या पंपावर तर दोन हात मारलेले होते.

मग नट प्रत्यक्ष फिरतो केव्हा?

बोल्टचे आटे म्हणजे गोल गुंडाळलेला उतार. उतरत्या फळीवर वीट ठेवली, तर घर्षणामुळे ती जागेवर राहते, पण फळी आडवी हलवत राहिलो तर तीच वीट हळूहळू खाली घसरते, कारण आडव्या घसरणीत घर्षणाचे बळ खर्ची पडते आणि उताराची ओढ मोकळी होते. नटाचेही असेच होते. धक्के बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसतात म्हणून नट सुटतात, असा समज बराच काळ होता. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले की खरा घात आडव्या हालचालीने होतो. जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले की नट आपोआप उलटा फिरू लागतो. त्याच्या पद्धतीवर आधारलेली चाचणी आजही नट-बोल्ट आणि वॉशर पारखण्यासाठी जगभर वापरतात.

म्हणजे क्रम असा: आधी ताण कमी होतो, मग भाग सरकू लागतात, आणि त्यानंतर नट फिरतो. आपल्याला दिसते ती शेवटची पायरी.

लॉक वॉशर कोणते, आणि ते काय करतात

नट सुटू नये म्हणून त्याच्याखाली घालायच्या चकतीला लॉक वॉशर म्हणतात. कारागिरांच्या तोंडी हा शब्द 'वायसर' असाच असतो. यात एक जातकुळी नाही. सर्वांत परिचित आहे तो एका जागी कापलेला, टोके वरखाली असलेला स्प्रिंग वॉशर. दाते असलेला तो स्टार वॉशर. विजेच्या अर्थिंगच्या जोडात त्याचे दाते रंग आणि गंज भेदून धातूपर्यंत पोचतात, म्हणून तिथे त्याला खरोखर महत्त्व आहे. बेअरिंगच्या गोल नटाखाली पाकळ्यांचा वॉशर असतो. आतली जीभ शाफ्टच्या खाचेत आणि बाहेरची एक पाकळी नटाच्या खाचेत वाकवून बसवली, की नट फिरूच शकत नाही. आणि अलीकडे जड यंत्रांत पाचरीच्या तत्त्वावर चालणारे जोडवॉशर आले आहेत. त्यांच्या आतल्या चढउतारांचा कोन आट्यांच्या उतारापेक्षा जास्त असतो, त्यामुळे नट सुटू लागला तर बोल्टचा ताण उलट वाढतो.

स्प्रिंग वॉशरबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त भरवसा त्याच्यावर टाकला जातो. त्याची टोके नटात आणि खालच्या पत्र्यात रुतावीत आणि त्याच्या स्प्रिंगने ताण टिकवून ठेवावा, ही त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात मजबूत बोल्ट पुरता आवळला की स्प्रिंग वॉशर पूर्ण चपटा होतो. त्याला चपटा करायला लागणारे बळ बोल्टच्या टनावारी ताणाच्या मानाने फारच थोडे असते. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९९० मध्ये अभियंत्यांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिले आहे की पूर्ण आवळल्यावर असा वॉशर साध्या सपाट वॉशरसारखाच असतो आणि नट धरून ठेवण्याच्या कामी निरुपयोगी ठरतो. जर्मनीनेही या वॉशरचे आपले जुने मानक रद्द केले. भारतात आयएस ३०६३ या मानकाखाली ते आजही बनतात आणि हार्डवेअरच्या प्रत्येक दुकानात मिळतात.

असे असेल तर तो लावायचाच कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. पण यंत्राच्या उत्पादकाने स्प्रिंग वॉशर दिला असेल, तर आपल्या मनाने तो काढून टाकणे हा त्यावरचा उपाय नाही. बोल्टची लांबी, नटापलीकडे उरणारे आटे, आवळण्याचा आकडा, हे सगळे त्या जाडीचा वॉशर धरून ठरवलेले असते. शिवाय छोट्या पॅनेलवर, विजेच्या टर्मिनलवर, मऊ धातूंच्या जोडात, जिथे बोल्टवर ताणच थोडा असतो, तिथे स्प्रिंगला खरोखर काम उरते. बदल करायचा असेल तर उत्पादकाला विचारून करावा.

वॉशर एकदम नगण्य मानल्यास काय होऊ शकते याचा एक नोंदलेला दाखला आहे. २० ऑगस्ट २००७ रोजी तैपेईहून आलेले बोइंग ७३७-८०० जपानमधल्या ओकिनावाच्या नाहा विमानतळावर उतरून थांबले आणि पेटले. आतले सर्व १६५ जण वेळेत बाहेर पडले म्हणून बचावले. चौकशीत आढळले की पंखाच्या पुढच्या कडेच्या सरकत्या पट्टीला अडवणाऱ्या बोल्टचा एक वॉशर सुमारे सहा आठवड्यांपूर्वीच्या देखभालीत खाली पडला होता आणि ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. नट भोकापेक्षा लहान होता. त्याला अडवून धरत होता तो फक्त वॉशर. तो नसल्याने बोल्ट निखळला आणि पट्टी आत घेताना इंधनाच्या टाकीच्या भिंतीत घुसला. विशेष म्हणजे ती देखभाल नट ढिला होऊ नये याच हेतूने केलेली होती.

तपासणी: उघडण्याआधी डोळे, उघडल्यावर नख

आमच्या पंपाकडे परत येतो. पहिले काम वीज तोडण्याचे. नुसते बटण बंद करून भागत नाही. मुख्य स्विच पाडून, फ्यूज काढून आपल्या खिशात ठेवावा आणि स्विचवर पाटी लावावी, कारण पाण्याची टाकी रिकामी दिसली की कोणीतरी पंप सुरू करायला येणारच.

मग नटाला पाना लावण्याआधी पाच मिनिटे नुसते पाहावे. नटाच्या कडेने तांबूस भुकटी दिसते का? तेल लागलेले असेल तर तीच भुकटी तांबड्या लेपासारखी दिसते. ही साध्या ओलीची गंज नव्हे. दोन लोखंडी पृष्ठभाग एकमेकांवर सूक्ष्म घासत राहिले की अशी पूड पडते, म्हणजे जोड आतून सरकतो आहे. आमच्या मोटरच्या चारपैकी तीन पायांभोवती ती होती, आणि ताज्या हिरव्या रंगावर ती उठून दिसत होती.

फिटरला मी एका वेळी एकच नट काढायला सांगितले. चारही एकदम सोडले की मोटर जागची हलते आणि कोणत्या पायाखाली काय होते हे नंतर कळत नाही. एका जुन्या वर्तमानपत्रावर पेनाने चार चौकोन आखून, त्या त्या पायाचा बोल्ट, नट आणि वॉशर त्या त्या चौकोनात ठेवले. काढलेली प्रत्येक वस्तू मोजण्याची सोयही यातच होते. मग वॉशर रॉकेलमध्ये धुतले.

स्प्रिंग वॉशरची मोकळी उंची त्याच्या जाडीच्या साधारण दुप्पट असते. १२ मिलिमीटरच्या बोल्टसाठी जाडी अडीच आणि नव्या वॉशरची उंची किमान पाच मिलिमीटर. आमचे दोन वॉशर व्हर्नियरवर तीनच्या आत भरले. फिटर लगेच म्हणाला, "काका, हे वायसर बसलेत." त्यांची स्प्रिंग गेली होती. कापलेल्या टोकांवरून नख फिरवून पाहिले. नव्या वॉशरची धार नखाला अडते, यांच्यावरून नख तसेच घसरले. तिसरा वॉशर ठीक दिसत होता, पण त्याच्या एका बाजूवर आरशासारखा चकचकीत पट्टा होता आणि दुसरी बाजू काळसर राहिली होती, म्हणजे तो एकाच कडेवर टेकत होता. चौथा दोन तुकड्यांत निघाला.

तुटलेला वॉशर: गंज की आणखी काही?

तुकड्याची तुटलेली बाजू उजेडात धरून पाहावी. ती जुन्या गंजाने माखलेली असेल तर भेग बऱ्याच दिवसांची आहे. ती स्वच्छ, बारीक दाणेदार असेल आणि वॉशर चकचकीत जस्त चढवलेला असेल, तर संशय वेगळीकडे जातो. स्प्रिंग वॉशरचे पोलाद फार कठीण केलेले असते. विजेच्या साहाय्याने जस्त चढवताना त्यात हायड्रोजन शिरतो, आणि तो बाहेर काढण्यासाठी वॉशर लगेच सुमारे दोनशे अंश सेल्सिअसला काही तास भाजावे लागतात. हे भाजणे टाळले, तर वॉशर ठिसूळ राहतो आणि आवळल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी, कोणी हात न लावता तडकतो. आमचा चौथा वॉशर असाच चकचकीत, पाण्यानंतर नव्याने बसवलेला होता. निश्चित निदान प्रयोगशाळेतच होते, पण खबरदारी म्हणून मी दुकानातून काळे, तेलावलेले वॉशर आणायला सांगितले.

"दिसायला चांगला आहे, मग बदलायचा का?"

होय, बदलायचा. एकदा पूर्ण दाबला गेलेला वॉशर पूर्ववत होत नाही, आणि त्याची किंमत एका रिक्षाच्या भाड्याच्या जवळपासही जात नाही. पाकळ्यांच्या वॉशरबाबत तर हा नियम कोणीही मोडू नये. एकदा वाकवलेली पाकळी सरळ करून पुन्हा वाकवली की तिच्या मुळाशी भेग पडते. मी काम करत होतो त्या वसाहतीतल्या एका कारखान्यात मोठ्या ब्लोअरचा असा वॉशर रात्रपाळीत नवा मिळाला नाही म्हणून जुनाच पक्कडीने सरळ करून लावला गेला. काही दिवसांत पाकळी मुळातून गळाली, गोल नट मागे फिरला, आणि बेअरिंग शाफ्टवरून सरकले. सकाळी पाहिले तेव्हा शाफ्टवर निळसर काळे पट्टे उमटले होते आणि नटाच्या खाचेत पाकळीचा एक नखाएवढा तुकडा अडकून राहिला होता. तो तुकडा मी बरीच वर्षे टेबलाच्या खणात ठेवला होता.

नवा पाकळ्यांचा वॉशर बसवताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. नटाची खाच आणि पाकळी समोरासमोर येत नसतील तर नट मागे फिरवून जुळवू नये, पुढे आवळतच पुढची खाच गाठावी. त्यासाठीच पाकळ्यांची संख्या विषम ठेवलेली असते, की थोडेसे फिरवले तरी कोणती ना कोणती पाकळी कोणत्या तरी खाचेसमोर यावी. आणि छिन्नीने ठोकून खाच बिघडवण्यापेक्षा योग्य मापाचा हुक पाना वापरावा.

"दोन वॉशर लावले तर? किंवा आणखी जोरात आवळले तर?"

एकावर एक दोन स्प्रिंग वॉशर घातले, तर दबण्याच्या जागा वाढतात, म्हणजे ताण गळण्याच्या वाटाही वाढतात. जोरात आवळण्याबद्दल सांगायचे तर, पान्याला नळी लावून ताकद वाढवणारे हात मी पुष्कळ पाहिले आहेत. पण नट आवळताना लावलेल्या जोरापैकी जवळपास नव्वद टक्के घर्षणात जातो आणि दहा टक्केच बोल्टचा ताण बनतो, म्हणून हाताला लागणारा जोर हा ताणाचा फार फसवा अंदाज आहे. गंजलेल्या आट्यांवर हात थकतो आणि ताण मात्र अर्धाही येत नाही. उलट तेल लावलेल्या आट्यांवर तेवढ्याच जोरात बोल्ट मर्यादेपलीकडे ताणला जाऊन कायमचा लांबतो. आटे ब्रशने साफ करावेत, उत्पादकाच्या पुस्तिकेतला आकडा पाहावा आणि टॉर्क पाना, म्हणजे फिरवण्याचा जोर मोजून दाखवणारा पाना, वापरावा.

डाव्या आट्यांचे बोल्ट असतील तर वॉशरही डावाच लागतो, कारण उजव्या वॉशरची टोके तिथे उलट दिशेला रुततात. हे क्वचित लागते, पण बेंच ग्राइंडरच्या डाव्या टोकाशी काम करणाऱ्याने लक्षात ठेवावे.

आमच्या पंपाचे खरे दुखणे

वॉशर काढून झाल्यावर मोटर उचलली. एका पायाखाली पत्र्याची घडी घालून ठेवलेली निघाली, डुगडुगणाऱ्या टेबलाखाली कागद घालतात तशी. तीही दाबली की फुगणारी, म्हणजे स्वतःच एक स्प्रिंग. चकचकीत पट्ट्याचा तिसरा वॉशर याच पायाचा होता. एकाच कडेवर तो का टेकत होता, याचा उलगडा इथे झाला. मोटरचा पाय आणि बैठक यांतली फट साधारण पाच शतांश मिलिमीटरच्या आत असावी असा संकेत आहे. इथे तर पाय तिरका उभा होता. आणि चारही पायांखाली, वॉशरखाली, हिरव्या रंगाचे ते दोन जाड थर, ठिकठिकाणी चिरडून कडेला ओघळल्यासारखे झालेले.

टेकण्याच्या सर्व जागांवरचा रंग खरवडून धातू उघडा केला. घडीच्या जागी मापाच्या स्टेनलेस पट्ट्या घातल्या. मोटर आणि पंपाचे कपलिंग पुन्हा एका रेषेत आणले. बोल्टची भोके घासून लांबट झाली होती म्हणून नटाकडून आधी स्प्रिंग वॉशर आणि मग पायाला लागून जाड, कठीण सपाट वॉशर असा क्रम ठेवला. स्प्रिंग वॉशर नवे आणि उत्पादकाने सांगितलेल्या मापाचेच घेतले. नव्या वॉशरांमुळे नट थांबले असे मी म्हणणार नाही. ते थांबले रंग काढल्यामुळे आणि पाय सपाट टेकल्यामुळे. पण रंगापर्यंत आम्हाला जुन्या वॉशरांनीच नेले. ते न पाहताच कचऱ्यात टाकले असते, तर फिटर पाचव्यांदा नट आवळून गेला असता.

शेवटी प्रत्येक नटावरून सपाट वॉशर आणि मोटरच्या पायापर्यंत पिवळ्या रंगाची एक सलग रेघ ओढली. टेकण्याच्या जागेत रंग नको, वरून मात्र ही रेघ हवीच. नट केसभर फिरला तरी ती तुटते आणि पंपाची खोली उघडणाऱ्या वॉचमनलाही ते दिसते. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा टॉर्क पाना लावून पाहिला, कारण नवा जोड सुरुवातीच्या दिवसांत थोडा बसतोच. दुसऱ्या पायाचा नट थोडा पुढे गेला. तिथली रेघ पुसून नव्याने ओढली. त्यानंतर चारही रेघा सरळ आहेत. जुने वॉशर तारीख घातलेल्या पाकिटात खोलीतल्याच खिळ्याला टांगले आहेत, आणि वहीत लिहून ठेवले आहे की रेघ तुटलेली दिसली तर नट आवळू नये, वीज तोडावी, त्या पायाचा वॉशर काढून बाजूला ठेवावा आणि मला फोन करावा.